पॅक-मॅन २५६व्या पातळीवर का अडकतो?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि नाशिकमध्ये 'मी गेम बनवतो' असं सांगणाऱ्याची पंचाईत झाली. कॉलेज रोडवर चहा पिताना कुणाला सांगावं, तर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "अरे, ते बंद झालं ना? पकडतात म्हणे." घरातल्या वडीलधाऱ्यांना तर 'गेम' म्हटलं की रमीची ॲपंच आठवतात, आणि त्यापायी कर्जबाजारी झालेला कुणाचा तरी मेहुणा.

कायद्यात गेमचे तीन गट आहेत. पहिला ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम. दुसरा करमणुकीचे आणि शिकवणारे ऑनलाइन गेम. तिसरा पैशांचे गेम: खेळणारा पैसे भरतो किंवा डावावर लावतो आणि जिंकून पैसे मिळतील अशी आशा धरतो. बंदी आहे ती या तिसऱ्या गटावर. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. सिडकोतल्या खोलीत बसून, ऑफिसातून आल्यावर रात्री उड्या मारणाऱ्या बेडकाचा गेम बनवणाऱ्याचा याच्याशी संबंध येत नाही. दोनशे रुपयांना गेम विकत घेतला आणि खेळला, यात डाव कसला?

कायद्याचं एवढं पुरे. लोकांना खरं कोडं वेगळंच असतं: आतमध्ये नेमकं चालतं तरी काय? जुन्या गेमांच्या ज्या गमतीजमती आपण एकमेकांना सांगतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक गंमत याच प्रश्नाचं उत्तर देते. म्हणून त्याच धरून पुढे जाऊ.

पडद्यावर हलतं ते काय?

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर त्याचं थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर ते एकापाठोपाठ एक दाखवल्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं. गेममध्येही पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रंच येतात. फरक एवढाच की सिनेमाची चित्रं आधी काढून ठेवलेली असतात, गेमची चित्रं खेळता खेळता, त्या क्षणी तयार होतात. तुम्ही उजवीकडे जाल की डावीकडे, हे कुणाला आधी ठाऊक आहे?

साधारण गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तीन कामं उरकायची: कोणतं बटण दाबलं ते बघायचं, त्यानुसार आकडे बदलायचे, नवं चित्र काढायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. गेम बंद करेपर्यंत हेच चालू राहतं. याला गेम लूप म्हणतात. या लेखात त्याला फेरा म्हणू.

'आकडे बदलायचे' हे महत्त्वाचं. बेडूक म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आकड्यांचा पुंजका असतो: आडवं स्थान १२०, उभं स्थान ८०, वर जाण्याचा वेग ७, उरलेले जीव ३. बेडूक उडी मारत नाही, उभ्या स्थानाचा आकडा बदलतो. चित्र नंतर त्या जागी चिकटवलं जातं.

१९७८चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या, ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादोंनी बनवलेला. वरून परग्रहवासीयांची फौज खाली सरकते, आपण खालून गोळ्या झाडतो. शत्रू कमी होत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो आणि शेवटचा एकटा तर पिसाटासारखा पळतो. खेळणाऱ्याला वाटतं, काय डोकं लावलंय! पण वेग वाढवा असा हुकूम कुणी लिहिलेलाच नव्हता. त्या मशीनची ताकद इतकी बेताची होती की एका फेऱ्यात एकच शत्रू हलवला जायचा. सुरुवातीला ५५ शत्रू, म्हणजे सगळी फौज एक पाऊल सरकायला ५५ फेरे, जवळजवळ एक सेकंद. दहा उरले की दहाच फेरे. एकच उरला की त्याची पाळी प्रत्येक फेऱ्याला. मशीनच्या दुबळेपणातून आपोआप चढत जाणारा थरार निर्माण झाला. निशिकादोंनी तो दुरुस्त करत न बसता तसाच ठेवला, आणि माझ्या मते त्यांचं खरं कसब तिथेच दिसतं.

मग वेगवान कॉम्प्युटरवर गेम वेगात पळेल की!

शंका रास्त आहे, आणि एके काळी अगदी तसंच व्हायचं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना डब्यावरचं 'टर्बो' बटण आठवत असेल. नाव टर्बो, पण त्याचा मोठा उपयोग मशीन हळू करण्यासाठी होता. जुने गेम नव्या मशीनवर इतके सुसाट पळायचे की खेळणं अशक्य व्हायचं.

यावर उपाय असा: 'दर फेऱ्याला ५ पावलं चाल' असं लिहायचं नाही, 'दर सेकंदाला ३०० पावलं चाल' असं लिहायचं. मागच्या फेऱ्यापासून किती वेळ गेला ते मोजून त्याने गुणायचं. हौशी माणूस पहिल्या गेममध्ये हे हमखास विसरतो. स्वतःच्या ६० चित्रांच्या स्क्रीनवर सगळं झकास चालतं, मग मित्राच्या १४४ चित्रांच्या गेमिंग लॅपटॉपवर बेडूक २.४ पट वेगाने पळत सुटतो. हौशींचंच कशाला, डार्क सोल्स २ हा २०१४चा गाजलेला गेम. त्याच्या पीसी आवृत्तीत सेकंदाला ६० चित्रं लावली की तलवारी ३० चित्रांच्या मानाने कितीतरी लवकर झिजायच्या. झीज फेऱ्यांवर मोजली जात होती. दुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं.

२५५ नंतर काय येतं?

जुन्या स्कूटरच्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असायचे. ९९,९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला मीटर ००००० दाखवायचं. स्कूटर नवी झाली का? नाही, मीटरमधली जागा संपली. कॉम्प्युटरच्या स्मृतीतला प्रत्येक कप्पा असाच मोजक्या घरांचा असतो. जुन्या मशीनचा नेहमीचा कप्पा आठ घरांचा, प्रत्येक घरात ० किंवा १. आठ घरांच्या एकूण जुळण्या २५६, म्हणजे ० ते २५५. त्यात २५५ असताना आणखी एक मिळवला की कप्पा शून्यावर येतो. याला ओव्हरफ्लो म्हणतात.

आता पॅक-मॅन, म्हणजे भूलभुलैयात भुतांना चुकवत ठिपके खात फिरायचा गेम. १९८०, नामको कंपनी, तोरू इवातानी. या गेमला शेवट नाही असं बनवणाऱ्यांनी धरलं होतं. पण २५६व्या पातळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं, आकडे आणि रंगीत तुकड्यांनी भरून जातो. कारण खालच्या कोपऱ्यातली फळं.

पॅक-मॅन त्या कोपऱ्यात अलीकडच्या पातळ्यांची फळं दाखवतो, जास्तीत जास्त सात. पातळीचा आकडा आत शून्यापासून मोजलेला असतो, म्हणजे २५६व्या पातळीला कप्प्यात २५५ असतात. फळं काढणारा कोड त्यात एक मिळवतो. झालं शून्य! कोड म्हणतो, ठीक, पातळी आठच्या आत आहे, तर जितकी पातळी तितकी फळं काढू. पण त्याची पद्धत अशी: आधी फळ काढ, मग मोजणीतून एक वजा कर, शून्य आलं का बघ, आलं तर थांब. मोजणी शून्यापासूनच सुरू झालेली. एक फळ काढलं, शून्यातून एक वजा, कप्पा उलटा फिरून २५५. शून्य नाही, चल पुढे. असं करत सात फळांच्या जागी २५६ फळं काढली जातात. फळांची यादी तर केव्हाच संपलेली असते. मग स्मृतीत शेजारी जे सापडेल ते फळ समजून पडद्यावर रंगवलं जातं.

पातळी संपवायला २४४ ठिपके खावे लागतात आणि मोडक्या पडद्यावर तेवढे शिल्लक राहत नाहीत. वाट तिथेच खुंटते. म्हणून 'अनंत' असलेल्या या गेममध्ये कमाल गुण ठरलेले आहेत: ३३,३३,३६०. एकाही ठिपक्याची किंवा भुताची चूक न करता तिथवर पोचणारी माणसं जगात आहेत. त्यांच्या चिकाटीला काय म्हणावं, मला सुचत नाही.

गांधीजींनी अणुबॉम्ब टाकला म्हणतात, ते खरं का?

ओव्हरफ्लोचा विषय निघाला की हा किस्सा कुणीतरी सांगतोच. १९९१च्या सिव्हिलायझेशन या गेममध्ये आपण एखादी संस्कृती वाढवायची असते आणि बाकीचे नेते कॉम्प्युटर खेळतो, त्यात भारताचे नेते महात्मा गांधी. किस्सा असा की गांधींची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे १ होती. लोकशाही स्वीकारली की प्रत्येकाच्या आक्रमकतेतून २ वजा व्हायचे. १ वजा २ म्हणजे उणे १, कप्प्याला उणे आकडा ठाऊक नाही, म्हणून झाले २५५. आणि शांतिदूत जगावर अण्वस्त्रं टाकत सुटले.

किस्सा इतका चपखल आहे की संशय यायला हवा होता. गेमचे कर्ते सिड मायर यांनी २०२०मध्ये आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा बग, म्हणजे कोडमधली चूक, मूळ गेममध्ये नव्हताच. उलट २०१०च्या पाचव्या सिव्हिलायझेशनमध्ये गांधींची अण्वस्त्रं वापरण्याची ओढ मुद्दाम, थट्टा म्हणून, भलतीच जास्त ठेवली होती. म्हणजे थट्टा खरी, बग काल्पनिक. तरी ओव्हरफ्लो समजावताना शिक्षक अजून हेच उदाहरण देतात. समजावायला ते चांगलं आहेच म्हणा, फक्त घडलेलं नाही.

हे सगळं जुन्या मशीनचं झालं. आता काय?

कप्पे मोठे झाले, संपायचे थांबले नाहीत. बत्तीस घरांच्या कप्प्यात, उणे आकड्यांसाठी निम्मी जागा सोडली तर, जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद अशाच कप्प्यात मोजतात. तो कप्पा १९ जानेवारी २०३८ला आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल आणि दुरुस्त न केलेल्या मशीनला पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दिसेल. गेममध्ये नाणी, गुण, दुखापत असे आकडे पटापट वाढतात, म्हणून तिथे हा प्रकार लवकर उघडा पडतो इतकंच.

शिवाय हा दोष कधी कधी हत्यार होतो. १९८४चा एलिट हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो या ३२ केबी स्मृतीच्या कॉम्प्युटरवर बसवला. त्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येकाचं नाव, राज्यपद्धती, बाजार वेगळा. एवढी माहिती साठवायला जागा कुठली? त्यांनी ती साठवलीच नाही. एका आकाशगंगेसाठी फक्त सहा बाइटचे (एक बाइट म्हणजे आठ घरांचा एक कप्पा) मूळ आकडे ठेवले. त्यांची ठरावीक बेरीज करत जायची, कप्प्यात न मावणारा भाग खुशाल सोडून द्यायचा, आणि उरलेल्या विस्कळीत आकड्यांतून पुढचा ग्रह घडवायचा. मूळ आकडे तेच, त्यामुळे कितीही वेळा खेळा, तोच ग्रह तिथेच सापडतो. ज्या उलट्या फिरणाऱ्या मीटरने पॅक-मॅनला मारलं, त्यानेच एलिटला २,०४८ जगं दिली.

जागेच्या टंचाईची आणखी एक जुनी गंमत: १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समधले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, एकदा पांढऱ्या रंगात आणि एकदा हिरव्या. अख्खा गेम ४० केबीचा. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो बहुधा याहून जड असतो.

गेम खेळाडूच्या बाजूने खोटं बोलतो

हौशी माणसाच्या पहिल्या गेमबद्दल मित्र एकच तक्रार करतात: "अरे, मी बटण दाबलं होतं, उडी मारलीच नाही!" बनवणारा शपथेवर सांगतो की बटण उशिरा दाबलं. दोघंही खरं बोलत असतात.

बेडूक फळीच्या टोकाकडे धावतोय. खेळणारा अगदी शेवटच्या क्षणी उडी मारू बघतो. माणसाचं बोट दोन-चार फेरे उशिरा पोचतं, तोवर बेडकाच्या पायाखाली फळी उरलेली नसते, आणि नियम असतो 'जमिनीवर असशील तरच उडी'. कॉम्प्युटर नियमाने वागतो आणि खेळणारा चिडतो.

इलाज चार ओळींचा आहे. एक कप्पा ठेवायचा, त्याला 'सवलत' म्हणू. बेडूक जमिनीवर आहे तोवर दर फेऱ्याला सवलत ०.१ सेकंद करून ठेवायची. पाय सुटले की गेलेला वेळ तिच्यातून वजा करत जायचा. उडीचा नियम बदलायचा: जमिनीवर आहे का हे न विचारता सवलत शून्याच्या वर आहे का, एवढंच बघायचं. उडी मारली की सवलत लगेच शून्य करायची, नाहीतर बेडूक हवेतच दुसरी उडी घेईल. हे शेवटचं वाक्य लोक गाळतात आणि रात्र घालवतात.

गेमवाले याला 'कायोटी टाइम' म्हणतात, 'रोड रनर' कार्टूनमधला कायोटी नावाचा तो कोल्हा कड्यापलीकडे हवेत धावतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही त्यावरून. सेलेस्ट या २०१८च्या डोंगर चढण्याच्या गेमचा खेळाडू हलवणारा कोड त्याच्या निर्मात्यांनी सर्वांसाठी खुला केला आहे. त्यातही ही सवलत ०.१ सेकंदच आहे. अतिशय कठीण म्हणून नावाजलेला गेम, आणि आतून तो सतत तुम्हाला सांभाळून घेत असतो. हे समजल्यावर मला तो गेम आणखी आवडायला लागला.

मराठीत गेम का दिसत नाहीत?

विषयांची वानवा मुळीच नाही. एक अडचण तांत्रिक आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. 'नाशिक' हा शब्द कॉम्प्युटरच्या स्मृतीत न, काना, श, पहिली वेलांटी, क या क्रमाने असतो. वेलांटी साठवली जाते 'श'नंतर, पण काढायची असते 'श'च्या आधी. अक्षरांची ही फिरवाफिरव करणारं यंत्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये नसतं, ते वेलांटी जिथे साठवली तिथेच ठेवतं आणि पडद्यावर आपलं गाव 'नाशकि' होतं. 'त्र्यंबक'चे तर पाय मोडलेले सुटे तुकडे पडतात. इंग्रजीत असली भानगड नसल्यामुळे गेम बनवायच्या साधनांनी हे वर्षानुवर्षं मनावर घेतलं नाही. बरेच जण मराठी मजकुराचं चित्र काढून तेच चिकटवायचे. एक काना चुकला की सगळं चित्र नव्याने.

ही साधनं म्हणजे गेम इंजिन: फेरा, चित्रं काढणं, आवाज, टक्कर ओळखणं हे सगळं आयतं देणारं सॉफ्टवेअर. त्यातलं गोडो हे मोफत आणि मुक्त इंजिन. २०२३मध्ये आलेल्या त्याच्या ४.० आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिटी या बड्या इंजिनाने ठरावीक मर्यादेपुढे गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारायचं जाहीर केलं. जगभर एवढा गदारोळ झाला की वर्षभराने ती योजना मागे घ्यावी लागली. तोवर अनेक हौशी गोडोकडे वळले होते. मराठीत गेम करायचा असेल तर मी डोळे झाकून गोडो सुचवेन.

एकट्याने जमतं का? आणि पैसे?

जमतं, पण किती वेळात ते बघा. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्याने करून २०१६मध्ये आणला. लागली साडेचार वर्षं. दुसऱ्या टोकाला सेलेस्टचं पहिलं छोटं रूप: १२८ बाय १२८ ठिपक्यांच्या पडद्यावर, १६ रंगांत, दोघांनी चार दिवसांत केलेलं. हौशी माणसाने दुसरी वाट धरावी. पहिलाच गेम सह्याद्रीभर फिरायचा, शंभर किल्ल्यांचा, असं ठरवणारे बरेच भेटतात. त्यांचे गेम मात्र खेळायला मिळत नाहीत. शेजारच्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये राजी हा देखणा गेम आणला खरा, पण ते हौशी माणसाचं रात्रीचं काम नव्हतं, पूर्ण वेळ राबणारा चमू होता.

खर्चाचं म्हणाल तर गोडो फुकट आणि साधा लॅपटॉप पुरतो. इच डॉट आयओ या वेबसाइटवर गेम ठेवायला काही पडत नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, ते गेमने १,००० डॉलर कमावल्यावर परत मिळतात, आणि विक्रीतला ३० टक्के वाटा सर्वसाधारणपणे स्टीमचा. कमाईची आशा धरून नोकरी सोडू नये. बहुतेक हौशी गेम मित्रमंडळींपलीकडे जात नाहीत, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला त्याचे किती मिळतात, असं आपण विचारतो का?

मोबाइलवर आणायचा तर गूगल प्लेचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर. मात्र नव्या वैयक्तिक खात्याला एक अट आहे: गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी चाचणीसाठी नाव नोंदवून सलग १४ दिवस तिथे टिकून राहायचं. भावकीचा ग्रुप उघडला तर १२ जण पाच मिनिटांत 'हो' म्हणतात. तिसऱ्या दिवशी मामा फोनमध्ये जागा नाही म्हणून गेम काढून टाकतात, आत्याला आलेला दुवा सापडत नाही, आणि आपण आकडा बघतो तर नऊच. म्हणून २० जणांना आधीच गाठून ठेवा, आणि त्यातले निदान सात-आठ असे असू द्या की ज्यांचा फोन तुम्हीच दुरुस्त करून देता.